हात ढिला सोड

मला आजवर लई जणांनी फसवलं. बैलबाजारात एका दलालानं मला एका डोळ्यानं आंधळा बैल विकला, अन् मी तो घरी आणून बायकोला म्हणलो, बघ कसा गरीब हाय, डाव्या बाजूनं कोणी आलं तरी बुजत न्हाई. ही गोष्ट मी चावडीवर पुष्कळदा सांगितली, लोक पोट धरून हासले. आता घरात सांगत न्हाई. काहून, ते पुढं कळंल. ठेसनावरच्या एका बैराग्याला मी गाडीतून नागनाथाला नेलं, तर उतरताना त्यानं भाड्याच्या बदल्यात आशीर्वाद दिला. मी म्हणलो, महाराज, बैलासाठी बी एक द्या, अर्धी मेहनत त्याची हाय.

ह्या कोणाचा मला राग न्हाई. मी बावळट, त्यांनी बावळटाला फसवलं, त्यात कसलं पाप. पण रंभाआत्यानं मला फसवलं ते येगळं. साऱ्या मुलखात एक तीच बाई मला बावळट समजत नव्हती, म्हणून ते लागलं.

रंभाआत्या औंढ्याची कासारीण. नवरा जाऊन लई साल झाले व्हते. सोताचे हात भुंडे, अन् आसपासच्या गावच्या बायांचे हात भरत फिरायची. अंगानं काडी, आवाज बारीक, बोटांवर काचेच्या जुन्या जखमांचे पांढरे वळ. माझी बैलगाडी. ठेसनावरून यात्रेकरू आणायचे, अन् मधल्या दिवसात आत्याची पेटी घेऊन गावोगाव जायचं. गाडीत ती कवाच पुढं तोंड करून बसली न्हाई. मागं तोंड करून, पाय खाली सोडून बसायची. मी म्हणलो, आत्या, लोकाला वाटंल मी तुमाला पळवून नेऊन राहिलो. तर म्हणली, "कुठं जायचं ते बैलाला ठाऊक हाय. तुला बी न्हाई. मी बसते मागचं बघत. कोणतं घर चुकलं, ते मागूनच दिसते."

घर चुकलं म्हंजे बांगड्याचं घर न्हाई. लेकराचं घर. ते असं झालं.

औंढ्याला सरकारी दवाखाना व्हता. तिथले डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. मराठी समजायची, बोलताना दख्खनी बोलायचे. माणूस चांगला, पण बायांपुढं त्याचं काई चालायचं न्हाई. त्यानं इचारायचं, "अम्मा, दवा दिए क्या?" बाईनं पदर तोंडावर घेऊन मान हालवायची. झालं. हिवतापाचं कोयनेल असो, खरजेचं मलम असो, लेकराला उतार पडला की दवा फडताळात, अन् पुढच्या अमावस्येला लेकरू पुना तापानं फणफणलेलं. मंग सासू म्हणायची, बघ, दवाखान्याचा गुण न्हाई. अन् कोणीतरी सुई लाल करून पोटावर डाग द्यायचं.

एक दिवस आत्याच्या बोटात काच गेली म्हणून ती पट्टी करायला गेली. पुढं एक बाई लेकरू घेऊन उभी, मान हालवून राहिली. आत्यानं मागूनच तिचा हात धरला, जसा बांगडी भरताना धरते तसा. अंगठ्याचा उंचवटा दाबला अन् म्हणली, "हात ढिला सोड. आता सांग, गोळ्या दिल्या?" बाई म्हणली, दिल्या की. आत्या म्हणली, "न्हाई दिल्या. हात लाकूड झाला." बाई रडायला लागली. डॉक्टर हासला न्हाई, रागावला न्हाई. थोडा येळ त्या दोन हातांकडं बघत बसला, अन् म्हणला, "रंभाबाई, तुम घर-घर जाते. मेरा एक काम करते क्या?"

आता हे तुमाला सांगायला पायजे. काचेची बांगडी भरायची तर बाईला हात पार मेल्यावाणी सोडावा लागते. जरा ताठला की काच फुटते, अन् बांगडी फुटणं कोणत्याच सवाशिणीला चांगलं वाटत न्हाई. आत्या पहिल्या दोन-तीन बांगड्या भरेपर्यंत हिकडचं तिकडचं बोलायची. सासू कशी हाय, भाकरीला जवारी निवडली का. हात सैल झाला, बांगडी अर्ध्या पंजावर आली, की तिथं थांबायची अन् इचारायची, "कोयनेल दिलं का लेकराला?" आता बांगडी ना मागं जात, ना पुढं. खोटं बोललं की हात ताठते. हात ताठला की बांगडी फुटते. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो. आतून एक बारीक आवाज आला, टिच, की मी बैलाला म्हणायचो, घ्या, हितं बी दवा चुकली.

मी एकदा म्हणलो, आत्या, तुमी आमच्या बायकोचे हात भरताना माझ्याबद्दल काई इचारत जाऊ नका, आमच्या घरी एक बी बांगडी उरणार न्हाई. तर म्हणली, "तुझ्याबद्दल ती खरंच सांगते. म्हणूनच कवा फुटत न्हाई."

तिचे दोन नेम व्हते. एक, ज्या घरात लेकराची दवा चालू हाय, त्या आईच्या हातात हिरव्या बांगड्यांमंदी एक पिवळी भरायची. दवा पुरी झाली, डॉक्टरनं बस म्हणलं, की ती पिवळी काढून तिथं हिरवी, फुकट. पुऱ्या हिरव्या हातात एक पिवळी म्हंजे दातातला खडा. पाणवठ्यावर दहा बाया इचारायच्या, का गं, अजून संपली न्हाई दवा? पंचमीच्या झोक्यावर पोरी हासायच्या. त्या पिवळीच्या लाजेनं लेकरांच्या पोटात दवा जायची. दुसरा नेम, ज्या घरात दवा चुकली तिथं ती पाणी पीत नसायची. उन्हाचा कहर असो, तांब्या पुढं आला की म्हणायची, "तहान न्हाई." बस, एवढंच. पण गावात ते कसं पसरायचं. कासारीण अमक्याकडं पाणी न पिता गेली. सासवा स्वतः उठून लेकराच्या तोंडात गोळी कोंबायच्या.

तुमाला वाटंल, हिचं सोताचं लेकरू कवातरी दवा चुकून गेलं असंल, म्हणून ही एवढी मागं लागते. मला बी तसंच वाटलं. मी तोंड पाडून, लई हळू आवाजात इचारलं. ती म्हणली, "काई बी काय बोलतो. माझे दोन्ही लेक धडधाकट हायेत. परभणीला बांगड्याचं दुकान करून राहिले. सुना मला दुकानात बसू देत न्हाईत, म्हणतात तुमी गिऱ्हाइकाचे हात दाबून घरचं सारं इचारता."

मी तिच्या ह्या कामात एकदाच मदत केली, अन् तिनं पुना कवा मागितली न्हाई. एका पाटलाचा नातू कोयनेल थुंकायचा. गुळात घातलं तरी गूळ चाटून गोळी थुंकायचा. आत्या मला म्हणली, "किसना, तू त्याच्यापुढं एक गोळी खा. गोड लागल्यावाणी तोंड कर. तू बहुरूप्यावाणी सोंगं करतो, एवढं तर जमंल." मी म्हणलो, हे काय काम हाय. पोराला पुढं बसवलं, सारं घर जमलं. मी गोळी जिभेवर ठेवली. अन् काय सांगू तुमाला. मी हासून राहिलो व्हतो, पण डोळ्यातून पाणी, कानातून वाफ, अन् हासू एका गालावरच अटकून बसलं. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं अन् म्हणलं, "आजी, मामा मरून राहिले." मंग ते जे पळालं ते ज्वारीच्या कणगीमागं. त्याच्या धाकट्या भावानं बी गोळी सोडली, ज्याची कवा तक्रार नव्हती. परतीच्या वाटंवर आत्या मागं तोंड करून बसली. औंढ्याचं देऊळ दिसायला लागलं तवा म्हणली, "दोन घरचं काम माझ्या हातानं बसवलं व्हतं. तुझ्या एका तोंडानं उठवलं." तरी हासली. तिचं हासणं म्हंजे खांदे हालायचे, आवाज नसायचा.

अन् तिच्या नेमाचं काय व्हईल, ते तिला बी उमगलं नव्हतं. एका वाडीत गेलो तर ज्या त्या बाईच्या हातात पिवळी बांगडी. आत्या चकित. म्हणली, मी तर हितं दोनच भरल्या व्हत्या. तर बायांनी दुसऱ्या बाजारातून आणून घातलेल्या. काहून तर म्हणे, पिवळी घातली की लेकराचा ताप उतरते. दवाखान्यात जायची गरज न्हाई. एकीनं तर गोळ्याची पुडी देव्हाऱ्यात ठेवून वर पिवळी बांगडी वाहिलेली, हळदीकुंकू लावून. लेकरू ओसरीवर तापानं कण्हून राहिलं. आत्यानं पेटीतला साबण काढला. मंग वाडीतल्या एकएकीचा हात साबण लावून धरला अन् पिवळ्या उतरवल्या. म्हणत जायची, "बांगडी काय करते? बांगडी फुटते. दुसरं काई येत न्हाई तिला." बाया रागावल्या. त्या दिवशी त्या वाडीत आमाला कोणी पाणी इचारलं न्हाई. आत्याची तहान त्या दिवशी खरी व्हती.

अशी बाई. आता माझ्या घरचं सांगतो.

माझी पोरगी गोदी. डोळ्याला खुपऱ्या झाल्या. पापण्यांच्या आतून दाणे, सकाळी डोळे चिकटलेले, उजेड सहन व्हत न्हाई. डॉक्टरनं पापणी उलटी करून बघितली अन् म्हणला, दर बाजाराला आणायची. तो पापणी उलटवून आतून मोरचुदाचा निळा खडा फिरवायचा. पोरगी असं वरडायची की माझे बैल जुवासकट मागं सरायचे. मी इचारलं, साहेब, कवापर्यंत? म्हणला, "जब तक मैं बस ना बोलूं. अच्छा दिखा तो भी बंद नहीं करना. बीच में छोड़े तो आँख जाती." 

एवढं मला समजलं व्हतं. लिहायला मला अंगठ्याशिवाय काई येत न्हाई, अन् तो बी वाकडा उमटते, पण एवढं समजलं व्हतं. 

बाजाराच्या दिवशी मला भाडं असायचं. मंग गोदीला दवाखान्यात आत्या न्यायची. माझ्या बायकोच्या, सुंद्राच्या हातात पिवळी बांगडी भरली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गोदीचे डोळे उघडायला लागले. जवारीचा दाणा न् दाणा निवडायची, सुईत दोरा ओवायची. आत्या घरी आली की तांब्याभर पाणी गटागटा प्यायची, अन् सुंद्रा मला म्हणायची, बघा, आपल्या घरी पिते. आमाला त्याचा लई तोरा व्हता.

मंग कुरुंद्याचं स्थळ आलं. आत्यानंच आणलं. ती साऱ्या मुलखात फिरायची, कोणाची पोरगी कोणाचा पोरगा तिला ठाऊक. कुरुंद्याचं घर खाऊनपिऊन सुखी, हळदीचे मळे, विहिरीला दोन मोटा. आमच्यासारख्या गाडीवानाच्या दारात असं घर येते कुठं. पण हळदीचा हंगाम तोंडावर व्हता, त्यांना घरात हात पायजे व्हते. माघात लग्न, अन् लगेच नेणार. मी म्हणलो, पोरीचे डोळे? दवा पुरी व्हऊ द्या. नसंल जमत तर राहू द्या ते घर. सुंद्रा उठून चुलीपुढं गेली.

पुढच्या बाजाराला भाडं लवकर आटपून मी घरी बैलांना पेंड टाकून राहिलो, तर आत्या गोदीला घेऊन औंढ्याहून पायी आली. दुपारचं ऊन, ओठ कोरडे. आत गेली. थोड्या येळानं बाहेर आली तर सुंद्राच्या हातात सगळ्या हिरव्या. आत्या म्हणली, "किसना, डॉक्टरनं बस म्हणलं. डोळे साफ झाले."

मी काय केलं? मी नाचलो. खरंच नाचलो, पेंडीचं घमेलं डोक्यावर घेऊन. सुंद्रानं आत्यापुढं तांब्या केला. आत्या म्हणली, "तहान न्हाई."

ऐकलं मी ते. ह्या दोन कानांनी ऐकलं. औंढ्याहून उन्हात चालत आलेली बाई, ओठाला कोरड, अन् तहान न्हाई. साऱ्या मुलखाला त्या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक, मी तर तिच्यासंगं सालोसाल गाडी हाकली. अन् मी काय म्हणलो? म्हणलो, आत्याचं पोट आनंदानं भरलं.

लग्न झालं. गोदी कुरुंद्याला गेली.

चैत्रात माझ्याच बैलानं माझ्या पायावर पाय दिला. तोच, एका डोळ्याचा. मी त्याच्या आंधळ्या बाजूला उभा राहून त्यालाच सांगून राहिलो व्हतो की नीट बघून चाल. अंगठ्याचं नख उपटलं, म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टर पट्टी बांधता बांधता म्हणला, "गाडीवान, तेरी बच्ची क्यों नहीं आती? मैंने बस नहीं बोला था."

मी म्हणलो, साहेब, तुमीच म्हणला. कासारणीनं सांगितलं. त्यानं पट्टीची गाठ मारली. म्हणला, "मैंने नहीं बोला."

मी तसाच लंगडत गाडी जुपली अन् कुरुंदा गाठलं. मळ्यात हळद शिजत व्हती. मोठमोठ्या कढया, खाली उसाचं पाचट अन् पऱ्हाट्या जळून राहिलेल्या, धुराचा लोट. त्या धुरात माझी पोरगी लाकडं सारून राहिली. मी हाक मारली तर तिनं मान फिरवून मला एकाच बाजूनं बघितलं. चिमणी बघते तशी. डाव्या डोळ्यात फूल पडलं व्हतं. पांढरं. उजवा लाल, सुजलेला, पाणी गळून राहिलं.

मी म्हणलो, गोदे, दवा? ती म्हणली, "आई म्हणली व्हती, तुझ्या सासूबाईला सांगते. पण सांगितलं न्हाई वाटते. मी कशी सांगू बाबा, नवी नवरी."

इहीणबाई आल्या. मी काई बोलायच्या आत त्याच म्हणल्या, "पाव्हणं, तुमी आमाला फसवलं. कासारीण आमच्या घरात माझ्या सासूपासून येते. तिच्या तोंडाकडं बघून पोरगी केली. बिनखोट म्हणून सांगितलं तिनं." मला बी तिनं तेच सांगितलं व्हतं. मी बी त्याच दुकानचं गिऱ्हाईक. म्हणलो, इहीणबाई, आपण दोघं एकाच पेटीतल्या बांगड्या भरून बसलो. त्यांना हासू आलं न्हाई. मला बी आलं न्हाई. गोदीला गाडीत घालून आणली. त्यांनी अडवलं न्हाई, पुना बोलावलं बी न्हाई.

घरी सुंद्रानं पोरीचे डोळे बघितले. मी काई इचारलं न्हाई, तिनंच सांगितलं. "मी आत्याचे पाय धरले व्हते. म्हणलं, असं घर पुना येणार न्हाई. पिवळी काढा, न्हाईतर पोरीचा बाप लग्न मोडंल. म्हणलं, मी इहीणबाईला सांगीन, वसमतच्या दवाखान्यात नेत जातील. मांडवात सांगायचं म्हणलं, धीर झाला न्हाई. मंग पाठवणीला सांगायचं म्हणलं."

दुसऱ्या दिवशी आत्या आली. कोणी सांगितलं ठाऊक न्हाई. पेटी दाराबाहेर ठेवली, गोदीची हनुवटी धरून दोन्ही डोळे बघितले. लई येळ बघितले. मी म्हणलो, "आत्या, तुमी साऱ्या मुलखाचं खोटं पकडता. माझ्या बायकोचं सुटलं कसं?"

"खोटं नव्हतं ते," ती म्हणली. "हात धरला व्हता मी तिचा. सांगीन म्हणताना पार सैल व्हता, कापसावाणी. मनापासून म्हणली ती. पुढं जमलं न्हाई तिला."

"बरं. तिचं खरं व्हतं. तुमचं काय? डॉक्टरनं बस म्हणलं, असं तुमी मला सांगितलं."

तिनं गोदीच्या डोळ्याचं पाणी पदरानं टिपलं.

"मला काहून सांगितलं असं?"

"तू लग्न मोडलं असतं, किसना."

"व्हय. मोडलं असतं."

"पोरीचं चांगलं घर गेलं असतं."

"घर गेलंच की आता. डोळा तरी ऱ्हायला असता."

तिनं दाराबाहेरची पेटी उचलली अन् निघाली. मी बी अडवलं न्हाई. मला बांगड्या भरता येत न्हाईत, म्हणून मी कोणाचा हात धरून कवा काई इचारलं न्हाई. तोंडावर भरोसा ठेवला. तिचं तोंड तर साऱ्या मुलखात बराबर मानलं जायचं.

ते निजामाचं शेवटचं साल. धामधूम सुरू झाली. कोण कोणाच्या बाजूचं कळत नव्हतं, वाटा बंद, बाजार मोडले, यात्रेकरू यायचे थांबले. औंढ्याचे डॉक्टरसाहेब बायकालेकरं घेऊन निघून गेले, दवाखान्याला कुलूप. गोदीचा उजवा डोळा तसाच गळून राहिला. तो एकच उरला व्हता. हिंगोलीला दवाखाना चालू हाय म्हणत, पण तिकडं गाडी न्यायला कोणी धजत नव्हतं. बैल हिसकून घ्यायचे. मी बी घाबरलो. खोटं काहून सांगू, मी चावडीवर शूर, वाटंवर न्हाई.

आत्या आली अन् म्हणली, "पोरगी दे माझ्यासंगं. कासारणीला कोणी अडवत न्हाई, साऱ्यांच्याच घरी बाया हायेत." मी न्हाई म्हणलो. तोंडावर म्हणलो, तुमच्यासंगं न्हाई. सुंद्रानं पोरीचा हात तिच्या हातात दिला अन् मला म्हणली, "मंग तुमी न्या." मी बैलाकडं बघत राहिलो.

तवा पेटी डोक्यावर, पोरगी मागं, दोघी पायी हिंगोलीला जायच्या. वाटंत वाड्यावस्त्यांवर मुक्काम करत, बांगड्या भरत. नेऊन आणायची, पुना न्यायची. तिच्या पायाला भेगा पडून रक्त यायचं. हे मी सांगतो, काहून की सांगायला पायजे. पोरीचा उजवा डोळा त्या बाईच्या पायांवर वाचला, हे खरं हाय. अन् डावा तिच्या तोंडानं गेला, हे बी खरं हाय. लोक मला म्हणतात, किसना, एकातून एक वजा कर. मला शाळा न्हाई, मला वजाबाकी येत न्हाई.

त्या साऱ्या दिवसात तिनं आमच्या घरी पाण्याला शिवलं न्हाई. सुंद्रा तांब्या ठेवायची, तो तसाच राहायचा.

मंग फौज आली, धामधूम मिटली, वाटा उघडल्या. एक दिवस आत्या गोदीला घेऊन आली. गोदीचा उजवा डोळा स्वच्छ, विहिरीच्या पाण्यावाणी. आत्या दारातच उभी राहून म्हणली, "हिंगोलीच्या डॉक्टरनं बस म्हणलं."

मी उठलो. गाडी जुपली. गोदीला बसवलं अन् थेट हिंगोलीला नेलं. डॉक्टरला म्हणलो, साहेब, तुमी बस म्हणला का? त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणला, "म्हणलो की. त्या मावशींना सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

म्हणलो, सांगितलं. तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं.

घरी आलो तर आत्या ओट्यावर तशीच बसलेली. मी कुठं गेलो व्हतो ते तिला ठाऊक व्हतं. मी बैल सोडले. म्हणलो, व्हय, म्हणला तो बस. ती उठली. सुंद्रानं तांब्या पुढं केला. आत्यानं तांब्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी म्हणायला पायजे व्हतं, प्या आत्या. मी गाडीच्या चाकाला वंगण लावत बसलो. ती तशीच गेली.

शेवटचं बघितलं ते औंढ्याच्या बाजारात. बाजार पुना भरायला लागला व्हता. ती परभणीला लेकांकडं निघाली व्हती, कायमची. म्हणली सुनांनी दुकानात बसू द्यायचं कबूल केलं, फक्त कोणाला काई इचारायचं न्हाई ह्या बोलीवर. मी म्हणलो, मंग तुमचं दुकान काय चालणार. तिचे खांदे हालले. जरासे.

मंग म्हणली, "किसना, हात दे."

"काहून?"

"दे तर."

भर बाजारात मी हात पुढं केला. तिनं माझी बोटं जुळवली, अंगठा आत घेतला, उंचवट्यावर आपला अंगठा दाबला. तिची बोटं खरखरीत व्हती. माझा हात म्हंजे कासरा धरून धरून घट्टे पडलेला. म्हणली, "ढिला सोड."

मी सोडला.

"माझ्यावर राग हाय?"

मला खरंच वाटलं, सांगावं न्हाई म्हणून. पोरीला दिसते. बाई पायी फिरली. म्हातारी झाली, पुना भेटती न भेटती. मी तिच्या तोंडाकडं बघून, मनापासून म्हणलो, "न्हाई आत्या. आता काई राग न्हाई."

तिनं हात तसाच धरून ठेवला. मला माझ्या मनगटातली शीर कळून राहिली. बोटं ताठत गेली, मी किती बी ढिली सोडली तरी. तिनं हळूच हात खाली ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवते तसा.

"राहू दे," म्हणली. "फुटली असती."

पेटी डोक्यावर घेतली अन् ठेसनाकडं जाणाऱ्या एका गाडीत चढली. दुसऱ्याची गाडी. मागं तोंड करून, पाय खाली सोडून बसली. गाडी वळणापर्यंत गेली तरी ती हिकडंच बघत व्हती.

माझा हात तसाच पुढं. शेजारचा गुळवाला हासून म्हणला, "काय गाडीवान, भर बाजारात बांगड्या भरून घ्यायल्या का?"

"घ्यायलो व्हतो," मी म्हणलो. "माप बसलं न्हाई."